कडेचा रंग

दसऱ्याच्या चार दिवस आधी गाडी बफिंगला दिली होती. नऊ वर्षांची, गडद निळी. संध्याकाळी घरी आणली तेव्हा बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या मोजता येत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळचं तिरपं ऊन पडलं आणि बॉनेटच्या डाव्या कंगोऱ्यावर वीतभर लांब, केसाएवढी राखाडी रेघ दिसली. वाटलं, बफिंगचं कंपाउंड वाळून बसलं असेल. ओल्या कापडानं पुसलं, नखानं खरवडून पाहिलं. रेघ जाईना, आणि बोटाला लागेना. ओळखीच्या एका पेंटरला दाखवली. त्यानं वाकून एकदाच पाहिलं. "प्रायमर वर आलाय. कडेला कलर कापला गेला. आता पॉलिशनं नाही जायची ही. बॉनेट मारावं लागेल."

दोन मिलिमीटरही रुंद नसलेल्या रेघेसाठी अख्खं बॉनेट रंगवायचं, हे मला पटेना. पण तो बरोबर होता. पत्र्याच्या मधोमध क्लिअरचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या पारदर्शक थराचा, तुकडा जोडला, तर जोडाची कड आज ना उद्या दिसतेच. म्हणून पॅनेल जिथे संपतं तिथपर्यंत क्लिअर न्यावा लागतो. एवढ्या मोठ्या बॉनेटवर रंग कापला गेला तो नेमका कंगोऱ्यावरच का, हे शोधता शोधता पॉलिशिंगकडे बघण्याची माझी नजर बदलली. बॉनेटचा सपाट मधला भाग कोणीही चमकवील. कारागीर ओळखायचा तो कडेवर.

आधी रंग किती असतो ते पाहू. कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं पहिला थर चढवतात. तो गंजापासून वाचवणारा, सुमारे २० मायक्रॉनचा. त्यावर ३०-३५ मायक्रॉन प्रायमर, मग १५ मायक्रॉनच्या आसपास खरा रंग आणि सगळ्यांत वर ४० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर. गाडीगणिक आकडे बदलतात, पण सगळं मिळून शंभर ते सव्वाशे मायक्रॉनची गोष्ट. वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवले तर साधारण तेवढी जाडी भरते. ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो तर कागदाच्या चौथ्या हिश्शाइतका. चमक, खोली, उन्हापासून बचाव हे सगळं क्लिअरचं काम. सूर्यातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्यातच मिसळलेली असतात.

पॉलिश करणं म्हणजे हा क्लिअर कापणं. कंपाउंडमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर खाली आणला की ओरखडा दिसेनासा होतो. ओरखडा भरून येत नाही, त्याच्या शेजारची जमीन खाली जाते. एका जोरदार हातात दोन-चार मायक्रॉन सहज निघतात. गाडीच्या सबंध आयुष्यात क्लिअरमधून सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये, असा जाणकारांचा संकेत आहे. त्यापुढे गेलं की उन्हात क्लिअर पांढरट पडतो, मग पापुद्रे सुटतात. छप्पर आणि बॉनेट यांच्यावर असे नकाशे उमटलेल्या जुन्या गाड्या आपण रस्त्यावर रोज पाहतो.

हे सगळे आकडे सपाट जागेचे. कडेला हिशेब वेगळा.

ओल्या रंगाला पृष्ठताण असतो. टोकदार कडेवर तो रंगाला दोन्ही बाजूंना मागे ओढतो. भट्टीत गाडी तापते तेव्हा घट्ट होण्याआधी रंग काही काळ पातळ होतो आणि या ओढीला आणखी वाव मिळतो. दिवाळीत पाकातल्या शंकरपाळ्या करताना हेच दिसतं. पोटावर साखर जाड बसते आणि कोपऱ्यांतून आतलं तळण डोकावतं. खोलगट भागात याच्या उलट होतं. तिथे तोच पृष्ठताण रंगाला आत खेचतो आणि थर जाड होतो. म्हणजे बंपरच्या खाचेत, दरवाज्याच्या हँडलमागच्या वाटीत रंग भरपूर, पण तिथे पॉलिशच्या यंत्राचं पॅड पोचत नाही. कंगोऱ्यावर रंग सर्वांत कमी, आणि पॅड सर्वांत आधी टेकतं ते तिथेच. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसली तरी बऱ्याच गाड्या वाचतील.

जहाजं बांधणाऱ्यांना ही अडचण जुनी ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००६ साली जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांच्या रंगकामासाठी जे मानक ठरवलं, त्यात पोलादाच्या धारदार कडा किमान २ मिलिमीटर त्रिज्येच्या गोल कराव्यात किंवा तितक्याच परिणामकारक रीतीनं घासाव्यात असं सांगितलं आहे. कडांना आणि वेल्डिंगच्या सांध्यांना ब्रशनं जास्तीचे हातही द्यायला लावले आहेत. रंग आधी सुटतो आणि गंज आधी धरतो तो कडेला, हे त्यामागचं कारण. मोटारीच्या पत्र्याला इतकी सवलत मिळत नाही. नव्या गाड्यांच्या दरवाज्यांवर सुरीनं ओढल्यासारख्या रेषा असतात. दिसायला देखण्या, पॉलिशवाल्याला अवघड.

आता दाबाचं गणित. १५ सेंटिमीटर व्यासाच्या पॅडचं क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. यंत्राचं वजन आणि हाताचा भार मिळून ५ किलो धरले, तर सपाट बॉनेटवर दर चौरस सेंटिमीटरला २८ ग्रॅम येतात. तेच पॅड कंगोऱ्यावर आलं आणि टेकणारी पट्टी ३ मिलिमीटर रुंद उरली, असं समजा. आता तोच भार साडेचार चौरस सेंटिमीटरवर आला. दर चौरस सेंटिमीटरला अकराशे ग्रॅम. जवळजवळ चाळीस पट! फोम दबून थोडा पसरतो, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून कमी असेल, पण दिशा हीच. शिवाय रोटरी, म्हणजे एकाच आसाभोवती फिरणारं यंत्र मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालवलं की त्याच पॅडची बाहेरची कड ताशी बेचाळीस किलोमीटरच्या वेगानं धावत असते. पातळ रंग, चाळीसपट दाब, एवढा वेग. माझ्या बॉनेटवरची रेघ पडायला दोन-चार सेकंद पुरले असतील.

आधी मोजून बघता येत नाही का? येतं, पण अर्धवट. रंगाची जाडी मोजायचं गेज पोलादी पत्र्यावर चुंबकीय पद्धतीनं आणि ॲल्युमिनियमवर भोवरा-प्रवाहांच्या पद्धतीनं चालतं. त्याच्या टोकाखाली काही मिलिमीटर सपाट धातू असावा लागतो. अगदी कडेवर किंवा तीव्र वळणावर ते भलतेच आकडे दाखवतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालतच नाही, तिथे ध्वनिलहरींवर चालणारं महागडं गेज लागतं. आणि साधं गेज सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, त्यात क्लिअर किती उरलाय ते नाही. जिथे आकडा सर्वांत जास्त हवा, नेमकं तिथेच मोजमाप थांबतं. म्हणून कडेला कारागीर मोजत बसत नाही. रंग कमी आहे हे धरूनच चालतो.

जुन्या हातांना ही गोष्ट पटायला अवघड जाते, आणि त्याला कारण आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीनं ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला आणि जनरल मोटर्सनं तो आपल्या गाड्यांना लावला. आपल्याकडे फर्निचरवाले अजून ड्युको म्हणतात तो शब्द इथलाच. हा रंग झटकन वाळे, पण निस्तेज. चमक हवी तर तो घासून, कंपाउंड लावून बफ करणं भागच असे. वेगळा क्लिअर नसे, बफला गाडीचा रंग लागणं हे काम चालू असल्याचं लक्षण मानलं जाई. त्या रिवाजात तयार झालेला हात पुढच्या पिढ्यांना शिकवून गेला. आज क्लिअर असलेल्या निळ्या गाडीवर फिरणारं पॅड निळं झालं, तर त्याचा अर्थ एकच. क्लिअर संपला, खालचा रंग निघायला लागला. त्याच क्षणी यंत्र उचलायचं. (क्लिअर नसलेल्या साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या गाड्या अजून असतात. त्यांचा रंग पॅडला लागणारच. म्हणून सुरुवातीला एखाद्या आडबाजूला हातानं चार घासे मारून कापड बघावं.)

यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची. रोटरी एकाच आसाभोवती गरगर फिरतं, भरपूर कापतं आणि अडलं तरी थांबत नाही. ड्युअल ॲक्शन यंत्रात पॅड एका विकेंद्री आसावर हेलकावे खातं आणि त्या हेलकाव्यांमुळे स्वतःभोवतीही फिरतं. हे फिरणं मोटारीला घट्ट बांधलेलं नसतं. पॅडची एक बाजू कडेवर दाबली गेली की ते थांबतं, नुसतं थरथरत राहतं. नवशिक्याला वाटतं यंत्रात बिघाड आहे, आणि तो आणखी दाब देतो. खरं तर हे थांबणं यंत्राचं शहाणपण आहे. पॅड ज्यावर बसतं त्या बॅकिंग प्लेटच्या पाठीवर मार्करनं एक जाड रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरताना दिसतेय तोवर पॅड फिरतंय. थांबली की दाब कमी करायचा, कोन सुधारायचा, नाहीतर लहान पॅड घ्यायचं. पॅड जबरदस्तीनं फिरवणारी ड्युअल ॲक्शन यंत्रंही असतात. त्यांच्याकडून ही सवलत मिळत नाही, कडेला त्यांना रोटरीच समजावं.

रोटरी कडेला न्यायचीच वेळ आली, तर पॅडनं कडेवरून बाहेर पडावं, बाहेरून कडेवर चढू नये. न्हावी वस्तरा पट्ट्यावर लावतो तेव्हा पाठ पुढे ठेवतो, धार मागून सरपटत येते. उलट ओढला तर पट्टा कापला जाईल. इथे पॅड पट्ट्याच्या जागी नाही, कापणारं तेच आहे, पण दिशेचा नियम तसाच. समोर घड्याळाची तबकडी आहे असं समजा. यंत्र धरणारा सहाच्या बाजूला उभा, पॅड काट्यांच्या दिशेनं फिरतंय आणि पत्र्याची कड उजवीकडे आहे. अशा वेळी बाराजवळचा भाग हलकाच टेकवायचा, कारण तो उजवीकडे, म्हणजे कडेबाहेर पळतोय. सहाजवळचा भाग टेकवला तर पॅड बाहेरून आत येऊन कड ओरबाडणार. कड डावीकडे असेल तर हिशेब उलटा. हे वाचायला किचकट वाटतं, पण मोडीतला एखादा दरवाजा मिळवून अर्धा तास सराव केला की हाताला कळतं. शिकणाऱ्यानं भंगारातलं पॅनेल आणून त्याच्या कडेवर मुद्दाम रंग जाळून बघावा. किती लवकर जळतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ग्राहकाच्या गाडीवर हात आपोआप हलका होतो.

कडेचा सर्वांत साधा रखवालदार मात्र मास्किंग टेप. तिचा जन्मच मोटारीच्या कडेसाठी झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी गाड्यांची फॅशन होती. दोन रंगांमधली रेघ स्वच्छ यावी म्हणून पेंटर कागद आणि चिकट पट्ट्या लावत, आणि त्या काढताना ताजा रंगही सोलून निघे. थ्री-एम ही तेव्हा मुख्यतः पॉलिश पेपर बनवणारी कंपनी. तिचा एक तरुण कर्मचारी, रिचर्ड ड्रू, सेंट पॉल शहरातल्या गॅरेजांत पेपरचे नमुने घेऊन जायचा. पेंटरांचा वैताग त्यानं पाहिला आणि १९२५ मध्ये सहज सुटणारी टेप तयार केली. सांगतात की पहिल्या नमुन्यात गोंद फक्त दोन्ही कडांना होता. टेप गळून पडली तेव्हा चिडलेला पेंटर म्हणाला, तुमच्या कंजूष मालकांना सांगा, गोंद जरा जास्त लावा. कंजूष या अर्थी त्यानं वापरलेला 'स्कॉच' हा शब्दच पुढे टेपचं नाव झाला.

पॉलिश करताना टेप कंगोऱ्यावर, दोन पॅनेलच्या फटींवर, काचेच्या रबरी पट्टीवर, काळ्या प्लॅस्टिकवर आणि नावाच्या अक्षरांवर लावतात. काळ्या खरबरीत प्लॅस्टिकच्या दाण्यांत कंपाउंड शिरलं तर वाळून पांढरं होतं आणि महिनोन्‌महिने निघत नाही. त्यामुळे टेप चिकटवण्यात गेलेली पंचवीस मिनिटं वाया जात नाहीत. टेप उन्हात तासन्‌तास ठेवू नये, गोंद पत्र्यावर राहतो. काढताना सरळ वर ओढू नये, स्वतःवरच दुमडत हळू काढावी. पूर्वी कधी रंगवलेल्या पॅनेलच्या कडेवर तर जास्तच जपून, तिथला नवा क्लिअर टेपबरोबर उचलला जातो. मोठं काम झालं की टेप काढायची आणि खाली राहिलेली बारीक पट्टी हातानं, सौम्य पॉलिशनं दोन-तीन वेळा पुसून आजूबाजूच्या चमकेत मिसळवायची. हे शेवटचं काम घाईत राहून जातं. मग सूर्यप्रकाशात कंगोऱ्याच्या दोन्ही बाजूंना टेपची सीमा दिसते.

अडचणीच्या जागा म्हणजे दरवाज्याच्या हँडलमागची वाटी, आरशाच्या देठाखालची जागा, नंबर प्लेटभोवतीचा खड्डा, छपरावरच्या रेलिंगची आतली बाजू, वायपरजवळची पट्टी, अँटेनाचं बूड. यातली हँडलची वाटी मला सर्वांत बोलकी वाटते. तिच्यात नखांचे, अंगठीचे, किल्लीचे अर्धवर्तुळाकार ओरखडे असतात. कुटुंबातल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं दार उघडल्याची ती नोंद. तिथे रंग सहसा जाड असतो, म्हणजे काम करायला वाव आहे. फक्त जागा नाही. यासाठी तीन ते पाच सेंटिमीटरची पॅडं आणि त्यांना पुढे नेणारा लांब दांडा मिळतो. पण लहान पॅडचा स्वभाव वेगळा. मोठ्या पॅडमध्ये जे काम भरपूर फोम वाटून घेतो, ते इथे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या तुकड्यावर येतं. तो लवकर तापतो, लवकर चोंदतो. दर थोड्या वेळानं ब्रशनं साफ करावा, बदलावा. बॅकिंग प्लेट पॅडपेक्षा लहानच हवी, नाहीतर खोलगट जागेत तिची कडक कड रंगावर आपटते. दांडा लावल्यावर हातातलं नियंत्रण कमी होतं, तेव्हा वेगही कमी ठेवावा.

आणि पुष्कळदा यंत्र ठेवून द्यावं. वाटीत बोटाला कापड गुंडाळून घासायची सवय मात्र सोडावी. बोटाचं टोक एका रेषेत दाब देतं आणि पट्टे उठतात. जुन्या फोम पॅडचा पाचरेएवढा तुकडा कापून, त्यावर थेंबभर पॉलिश घेऊन फिरवलं की दाब सारखा पसरतो. वेळ लागतो. मी एका हँडलला दहा मिनिटं देतो.

बंपरची गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी. तो पत्र्याचा नाही, पॉलिप्रॉपिलीनच्या जातीच्या प्लॅस्टिकचा. पोलादी पत्रा घर्षणाची उष्णता झटकन आजूबाजूला पसरवतो. प्लॅस्टिक ती पोलादापेक्षा शेकडो पटींनी कमी वाहून नेतं, त्यामुळे सगळी वर रंगातच साठते. रंग मऊ पडतो, पॅड त्याला ओढतं, सुरकुती येते. बंपर बहुधा पत्र्यापेक्षा कमी तापमानावर वेगळाच भाजलेला असतो, म्हणून रंगाचा कडकपणाही निराळा. कमी वेग, छोटी जागा, मध्ये मध्ये थांबून तळहाताची पाठ लावून पाहणं. हाताला चटका लागायच्या आत यंत्र पुढे गेलेलं असावं. दोन खिडक्यांच्या मधल्या चकचकीत काळ्या प्लॅस्टिक पट्ट्या तर इतक्या नाजूक की कोरड्या फडक्यानंही त्यांच्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं उठतं.

हे जाळं येतं कुठून? पहाटे सोसायटीत एकाच बादलीत वीस गाड्या पुसल्या जातात. पुसणाऱ्याला दोष द्यायला नको, त्याला तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ मिळतो. पण धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, काठिण्य ७. क्लिअर त्यांच्यापुढे लोण्यासारखा. फडकं कंगोऱ्यावरून जाताना तिथेही दाब वाढतोच, म्हणजे जो नियम पॅडला तोच फडक्याला. कडेचा रंग रोज थोडा थोडा झिजतच असतो. आधी पाण्याच्या धारेनं धूळ उतरवली, मग मऊ कापड लावलं, तर पॉलिशची गरजच वर्षानुवर्षं पडत नाही. दसऱ्याला झेंडूचा हार बांधतानाही सुतळीची गाठ बॉनेटच्या कडेवर येऊ देऊ नये. गाडी धावते तेव्हा ती धुळीसकट करवतीसारखी चालते.

एवढं सांगूनही कडेला काही ओरखडे राहतातच, आणि ते राहू द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ओरखडा नुसता दिसतो. क्लिअर मात्र एकदा गेला की परत येत नाही. गॅरेजात गाडी देताना "कडा सोडून द्या, तिथे थोडं राहिलं तरी चालेल" हे वाक्य मालकानंच म्हणायला हवं, कारण कारागीर बिचारा "सगळं गेलं पाहिजे" या अपेक्षेखाली यंत्र दाबत असतो. माझ्या गाडीच्या वेळी मी नेमकं तेच सांगून आलो होतो.

बॉनेट मी रंगवलं नाही. कारखान्यातला क्लिअर १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो. गॅरेजच्या बूथमध्ये गाडी पूर्ण जोडलेली असताना ६०-८० अंशांपलीकडे जाता येत नाही. वीतभर रेघेसाठी मूळचा थर झाकून टाकावा असं वाटेना. पेंटरनंच शून्य नंबरच्या ब्रशनं रेघेवर गाडीचा निळा भरला, तो वाळल्यावर वरून क्लिअरचे दोन हात दिले. जवळून पाहिलं तर दिसतं. बॉनेटच्या आतल्या बाजूला, त्या कंगोऱ्याच्या बरोबर खाली, त्यानं पांढऱ्या मार्करनं एक बाण काढला आणि लिहिलं : इथे मशीन नको.